वळवाआधी बांध फिरा: डोंगरकडेच्या शेतात कोण येतं, ते आत्ताच कळतं

मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात ज्यांची खाचरं डोंगराला लागून आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. तो आजच वाचा आणि उद्या सकाळी कामाला लागा. वळवाची एक जोरदार सर पडली की यातलं निम्मं काम पुढच्या वर्षावर जातं.

दर वर्षी तेच बघतोय. भात दुधात भरतं आणि रानडुकरांचा कळप रात्री खाचरात उतरतो. खातात थोडं, तुडवतात जास्त. सकाळी मालक बांधावर उभा राहतो तेव्हा लोंब्या चिखलात रुतलेल्या असतात. मग पळापळ सुरू होते. जुन्या साड्या बांधा, फटाके आणा, तालुक्याच्या दुकानातून 'डुक्कर पळवायची' बाटली आणा. पण डुकरांची वाट त्या रात्री पडलेली नसते. ती चैत्र-वैशाखात पडते, आणि तेव्हा आपलं कुणी बांधावर फिरकत नाही. रान मोकळं आहे, पीक नाही, मग कशाला जायचं? पिकं याच दुर्लक्षाने जातात. औषध कमी पडलं म्हणून गेलेलं पीक मी फारसं पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात जनावर पाण्याला बांधलेलं असतं. ओहळ आटतात, वरचे झरे सुकतात, आणि जिथे थोडं पाणी उरतं तिथे सगळ्यांना यावंच लागतं. वनखातंसुद्धा बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राण्यांची नोंद करतं, ते याच कारणाने. शिवाय आत्ता गवत वाळलंय, झाडी विरळ आहे, मातीचा फुफाटा झालाय. ठसा उमटतो आणि दिसतो. मृग लागला की गवत गुडघ्याएवढं होतं, मग वाट पायाखाली असूनही दिसत नाही.

फेरी कशी मारायची

दिवस उगवताना निघा. ऊन तिरपं असतं तेव्हा ठशाच्या कडेची सावली पडते आणि ठसा स्पष्ट दिसतो. दुपारी तोच ठसा नजरेतून सुटतो. आधी पाणी गाठा: झरा, पाझर तलावाची कड, ओढ्यातला शेवटचा डोह. तिथून शेताकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेने चालत या. मग पूर्ण बांध, एकही कोपरा न सोडता.

आदल्या संध्याकाळी पाण्याजवळ आणि कुंपणातल्या प्रत्येक खिंडारापाशी तीन फूट रुंद पट्टी फावड्याने मोकळी करून ठेवा. खडे काढा, माती हाताने सारखी करा. सकाळी त्या पट्टीवर कोण गेलं, कुठून कुठे गेलं, एकटं होतं की कळप, सगळं लिहिलेलं सापडतं. हे तीन-चार वेळा करा, कारण एका रात्रीवरून अंदाज चुकतो. ट्रॅप कॅमेऱ्याची गरज नाही. कुणी विकायला आलाच तर चहा पाजून परत पाठवा.

वहीत शेताचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक खूण त्यावर टिपा. ठशाशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे माप कळतं.

आणि विचारा. वरच्या धनगरवाड्यावरचा म्हसरं चारणारा, करवंदं वेचायला जाणाऱ्या बाया, कातकरी वस्तीवरची जुनी माणसं यांना कोणतं जनावर कुठे बसतं हे पाठ असतं. मला आजवर जे कळलं त्यातलं बरंचसं त्यांच्याकडूनच.

डुकराची वाट ओळखा

डुकराचा ठसा साधारण 5 ते 6 सेंटिमीटरचा, दोन खुरांचा. खरी ओळख मागच्या दोन नख्यांची. त्या खुरांच्या मागे, खुरापेक्षा रुंद अंतरावर, दोन्ही बाजूंना उमटतात. शेळीच्या ठशात त्या सहसा दिसत नाहीत. भेकराचा ठसा त्याहून लहान, निमुळता आणि टोकदार. सांबराचा मोठा, 7 सेंटिमीटरच्या पुढे.

ठशावर थांबू नका. कुंपणातल्या खिंडारापाशी गुडघ्यावर बसा आणि खालच्या तारेकडे बघा. डुक्कर जात असेल तर तारेच्या काट्यात काळे, राठ केस अडकलेले सापडतील. टोकाशी एकेक केस फाटलेला असतो. मग पाण्याजवळच्या झाडांचे बुंधे बघा. चिखलात लोळून झालं की डुक्कर बुंध्याला अंग घासतं, तिथे सुकलेल्या चिखलाचा थर बसतो आणि साल गुळगुळीत होते. हा थर किती उंचीवर आहे त्यावरून जनावर केवढं ते कळतं. गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत चिखल असेल तर मोठा नर फिरतोय, एकट्याने फिरू नये. खाली ओळीने बारीक थर असतील तर माद्या आणि पिल्लं आहेत. हाच कळप पावसाळ्यात तुमच्या खाचरात येणार, याच खिंडारातून.

एक अनुभवाची गोष्ट, कुठल्या पुस्तिकेत वाचलेली नाही. वैशाखात डुकरांनी वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनीचा एखादा तुकडा नांगरल्यासारखा उकरला असेल आणि तिथे कंद नसतील, तर खाली हुमणी आहे असं मी धरून चालतो. फूटभर खणून बघा, बहुतेक वेळा पांढरी अळी हाताला लागते. त्या तुकड्यात नाचणी किंवा भुईमूग घेणार असाल तर शिफारस अशी: मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) हेक्टरी 20 किलो, शेणखतात मिसळून. आणि पहिल्या वळवानंतर संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर भुंगेरे जमतात तेव्हा फांद्या हलवून पाडा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे गावाने एकत्र केलं तरच उपयोग. भुंगेरे त्याच रात्रीपासून अंडी घालायच्या मार्गाला लागतात, म्हणून 'उद्या बघू' नको.

बाकीचे पाहुणे

सायाळ: गळून पडलेले काटे, झाडाच्या बुडाची कुरतडलेली साल. रताळी, सुरण लावणाऱ्यांनी हिची वाट आधी शोधावी.

उदमांजर: बांधावरच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा. पिकाला त्रास नाही, उंदीर खातं. राहू द्या.

बिबट्या: गोल ठसा, साधारण 7 ते 8 सेंटिमीटर रुंद, चार बोटं, नखं उमटत नाहीत. नखं उमटली असतील तर कुत्रा किंवा तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि हाडं खात असल्यामुळे त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. बिबट्याचा माग घराकडे येत असेल तर गोठ्याला दार लावा, पोरांना अंधारात बाहेर सोडू नका, वनरक्षकाला कळवा. विहिरीला कठडा नसेल तर याच उन्हाळ्यात बांधा. जुन्नरकडे बिबटे अशाच उघड्या विहिरींत पडत आलेत.

धामण, गव्हाणी घुबड, कोल्हा, रानमांजर: हे चारही उंदरांचे वैरी. यांची नोंद करा म्हणजे उंदरांचं विष विचार करून वापराल. आधी संध्याकाळी बिळं मातीने बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं. विष तिथेच: 96 भाग धान्याचा भरडा, 2 भाग गोडेतेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड, बिळाच्या आत घालून तोंड बंद. उघड्यावर टाकू नका, मेलेले उंदीर पुरा. नाहीतर घुबड मरतं आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट होतात.

दगडी तालीत हात घालू नका. फुरसं आणि घोणस तिथेच असतात. काठी, बूट, बॅटरी घेऊनच फिरा. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

राब भाजण्याआधी

राब (रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून जाळणं) भाजणार असाल तर आदल्या दिवशी ते रान पायी फिरा. टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर चार अंडी घालते, रातवा पक्षी पाचोळ्यात दोन. दोघंही किडे खातात, आणि दोघांची वीण याच दिवसांत. घरटं सापडलं तर तो तुकडा सोडा. भोवती दहा फुटांची जाळरेषा काढा, पहाटे वारा पडलेला असताना पेटवा, विझेपर्यंत जागा सोडू नका. राबाची आग डोंगरावर गेली की वणवा होतो, आणि वरचं रान जळालं की तिथलं जनावर खाली तुमच्या शेतात येतं. माझं मत विचाराल तर राब सोडून गादीवाफ्यावर रोप करा.

म्हातारी माणसं म्हणतात, टिटवीने अंडी उंच टेपाडावर घातली की पाऊस जोराचा, ओढ्याच्या पात्रात घातली की ओढ. मीही दर वर्षी बघतो. पण नाचणी, भुईमुगाची पेरणी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच.

नेहमीची कामं

- उभी-आडवी नांगरट, ढेकळं तापू द्या
- बांधबंदिस्ती, ताली दुरुस्त
- माती नमुना
- शेणखत पसरणे
- रोपवाटिका: हेक्टरी लागणीला 10 गुंठे
- भात बियाणे: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तरंगणारं काढा, दोनदा धुवा, सावलीत वाळवा
- थायरम (बुरशीनाशक) किलो बियाण्याला 3 ग्रॅम, नंतर अॅझोटोबॅक्टर व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जीवाणू) ही जिवाणू खतं प्रत्येकी 25 ग्रॅम

नकाशा हातात आल्यावर

खिंडारं मोजकीच निघतील. संपूर्ण शेताला कुंपण करायची ऐपत कुणाचीच नाही, पण चार वाटा बंद करणं जमतं. बोरी-बाभळीच्या काट्या आत्ता दाबा, वर दगड ठेवा. त्याच जागी पहिल्या पावसात चिलार, घायपात, करवंद लावा. चिलारीचं कुंपण दोन-तीन वर्षं घेतं, पण एकदा घट्ट झालं की डुक्कर त्यात घुसत नाही.

बाटल्यांचं काय? वासाची औषधं पाऊस सुरू झाला की धुऊन जातात, आणि आपल्याकडे पाऊस थांबतो कुठे? फोरेटच्या पुड्या बांधायची पद्धत होती, त्या कीटकनाशकावर 2020 अखेरपासून बंदी आहे. कुणी अजून देत असेल तर घेऊ नका. कुंपणाला सरळ लाईनचा करंट सोडणं, गावठी बॉम्ब ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात शेजाऱ्याची गाय मरते, कधी शेजारीही मरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, तेवढंच चालतं. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनरक्षकाला मे महिन्यातच विचारा. ऑक्टोबरात विचारून काही हाती लागत नाही.

इतकं करूनही नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. कुणी भेटत नसेल तर 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. पंचनामा होईपर्यंत खाचर आवरू नका, तुडवलेलं भात तसंच राहू द्या. सातबारा, नुकसानीचे फोटो आणि उन्हाळ्यात काढलेला तो नकाशा सोबत ठेवा. कोणतं जनावर कुठून आलं हे वहीत तारखेनिशी लिहिलेलं असलं की पंचनाम्याच्या वेळी 'गावची गुरं शिरली असतील' हा वाद उरत नाही.