फराळाच्या आधी फोन

आमच्या सोसायटीतून दिवाळीला वृद्धाश्रमांना, मुलांच्या संस्थांना मदत जाते, ते काम यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींकडे गेलं आणि मी सुटले. पण परवा जिन्यात त्यांनी "काकू, यादी द्या ना काय काय लागतं त्याची" म्हटलं, म्हणून लिहायला बसले. एक-दोन-तीन आकडे घालून लिहिणं मला जमत नाही. जसं आठवेल तसं लिहिते. सगळं वाचायचा कंटाळा आला तर फोनचं तेवढं वाचा.

फोन. संस्थेला फोन करा. वर्गणीचा आकडा ठरवायच्या आधी, ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी, भाजणी दळायला टाकायच्याही आधी. मागच्या वर्षी मी बाकी सगळं केलं होतं. ६२ पाकिटं. प्रत्येकात पाव किलो चिवडा, चार चकल्या, दोन बेसनाचे लाडू, शंकरपाळ्यांची पुडी आणि वरून लाल रिबन. डिकी भरून नरक चतुर्दशीला सकाळी अकराला वृद्धाश्रमाच्या दारात हजर. तिथल्या ताई हसल्या, मला आत घेऊन गेल्या आणि कोठीचं दार उघडून दाखवलं. खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत चिवडा. "आज तुम्ही पाचव्या," म्हणाल्या.

आता आणलंय तर वाटूया म्हणून वाटलं. एका आजोबांनी चकली घेतली, बशीतल्या चहात बुडवली आणि वाट बघत बसले. थोड्या वेळानं बोटानं दाबून पाहिली. परत बुडवली. शेजारच्या आजींनी लाडू हातात घेऊन नुसता हुंगला आणि रुमालात बांधून उशीखाली ठेवला. त्यांना साखरेचं पथ्य होतं, हे मला पाकिटं वाटून झाल्यावर कळलं. निघताना ताईंना विचारलं, "तुम्हाला खरं लागतं काय हो?" त्यांनी एका दमात सांगितलं: अॅडल्ट डायपर, आणि मिक्सर. मिक्सर जळून आठ दिवस झाले होते, आणि दात नसलेल्या सगळ्यांचं जेवण त्यातूनच निघायचं. "फोन केला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं." नंबर त्यांच्या फाटकावरच्या पाटीवर वीतभर अक्षरांत रंगवलेला होता. मी त्याच पाटीखाली गाडी लावली होती.

तर, फोन कधी करायचा? दसरा झाला की, कोजागरीच्या आत. वसुबारसेला केलेला फोन म्हणजे न केलेलाच, कारण तोवर त्यांचे सगळे दिवस 'बुक' झालेले असतात. कोणाला करायचा? विश्वस्तांना नको. ते भले असतात आणि "काहीही आणा, सगळं चालतं" म्हणतात. कोठीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या बाईंना किंवा अधीक्षकांना करा. दुपारी जेवणानंतर करा, सकाळी आंघोळी-औषधांच्या गडबडीत नको. आणि "आम्ही फराळ आणतोय, चालेल ना?" असं विचारू नका. त्यावर नाही म्हणायची हिंमत कुठलीच संस्था करत नाही. आमचा अमुक इतका आकडा जमेल असं वाटतंय, तुम्हाला त्यात काय हवं, असं विचारा आणि गप्प बसा. पहिल्यांदा संकोचानं "तुमची इच्छा" असं येईल. तरी गप्प बसा. मग खरं येतं.

माणसं किती, हे विचारताना 'आज' किती ते विचारा. पाटीवरचा आकडा मंजूर जागांचा असतो. मुलांच्या वसतिगृहात तर दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घर आहे ती मुलं गावी जातात, आणि तुम्ही शंभर पाकिटं घेऊन गेलात तर समोर अठरा मुलं. त्या अठरांसाठीच खरं तर जायचं असतं, पण मग तयारीच वेगळी करावी लागते, वाटपाची नाही, दिवसभर थांबण्याची. काम करणाऱ्या मावश्या, स्वयंपाकीण, रात्रीचा रखवालदार हे मोजायला सगळेच विसरतात. त्यांना धरून आकडा घ्या. साखरेचं पथ्य किती जणांना, दात किती जणांना नाहीत, तिखट कोण खात नाही, हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

डायपर म्हटले तर त्यातही विचारा. माप हवं, आणि प्रकारही: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चिकटपट्टीवाले लागतात, चड्डीसारखे ओढून घालायचे तिथे उपयोगाचे नाहीत, मावशीला एकटीनं ते घालताच येत नाहीत. सोबत अंडरपॅड, म्हणजे अंथरुणावर पसरायचे. हे सगळं घाऊकवाल्याकडून घ्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नको.

संस्था कुठली निवडायची, त्यावर मी भांडणार नाही. पुण्यात तोटा नाही. हिंगण्याची महर्षी कर्व्यांची स्त्री शिक्षण संस्था १८९६ सालची, तिच्या भाऊबीज निधीला आमच्याकडे आजीच्या वेळेपासून पैसे जातात. तिथे पैसे द्यायचे, पावती घ्यायची, झालं. डोकं चालवायची गरज नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणतेय. ससून रुग्णालयाच्या आवारात सोफोश या संस्थेचं 'श्रीवत्स' आहे, तिथे लहानगी बाळं. त्यांच्यासाठी चकल्या नेणारे लोक असतात, हसू नका, आम्हीच एकदा ठरवत होतो. वढू बुद्रुकला 'माहेर' आहे, १९९७ पासूनचं, निराधार बायका आणि मुलांसाठी. शहरातल्या प्रसिद्ध नावांकडे दिवाळीत रांग लागते, हे मात्र लक्षात ठेवा. पंधरा-वीस किलोमीटर बाहेर गेलात तर गर्दी कमी आणि गरज जास्त. नवीनच नाव असेल तर नोंदणी क्रमांक विचारा, चांगली संस्था तो विचारल्यावर रागावत नाही. आणि हो, तिथेही आधी फोन.

पैसे. स्वतःच्या खात्यावर गोळा करू नका. मी केले आणि पुढे दोन महिने 'माझे पाचशे पोचले का' ऐकत बसले. संस्थेचा खाते क्रमांक किंवा क्यूआर ग्रुपवर टाका, ज्यानं त्यानं थेट भरावे. ज्यांना ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकरातली वजावट, हवी त्यांना आधीच सांगून टाका की रोख २००० रुपयांच्या वर दिलं तर वजावट नाही, वस्तू दिल्या तर नाहीच नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर हा प्रश्नच नाही. पावतीसाठी पॅन नंबर लागतो. चौथ्या मजल्यावरचे सीए आहेत, पुढचं त्यांना विचारा, मला नको.

कपडे. इथे मी जरा कडक आहे. जुने कपडे गोळा करायचे असतील तर फाटके, डागाळलेले, बटणं तुटलेले आपणच बाजूला काढायचे, तिथल्या मावश्यांनी नाही. भांडी घेऊन बोहारणीला देतो ती प्रत इथे चालत नाही. आजींना साड्या नेऊ नका, बहुतेकींना आता पुढून उघडणारे सुती गाऊनच सोयीचे पडतात. आजोबांना नाडीऐवजी इलॅस्टिकचे पायजमे. मुलांना नवे द्यायचे तर माप घेऊन, आणि जमलं तर रंग त्यांना निवडू द्या. सगळ्या मुलींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवलेले मी पाहिलेत. शाळेच्या गणवेशात आणि त्यात फरक काय?

उटणं आणि सुगंधी तेल द्यावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीघरातल्या फरशीवर तेल म्हणजे मांडीचं हाड मोडायची सोय. मोती साबण द्या, उटण्याची हौस तेवढ्यावर भागवा. फटाके नाही. धूर सोसत नाही, कारण विचारू नका.

फराळ न्यायचाच आहे? असेलच, मला माहीत आहे, बायका ऐकणार नाहीत. मग फोनवर ठरवून घ्या (आहे ना लक्षात?) आणि त्यातल्या त्यात मऊ न्या: रव्याचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा बेताच्या तिखटाचा, करंज्या. खव्याचं काही नाही. साखरेच्या पथ्यवाल्यांचं वेगळं, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून. बनवल्याची तारीख घाला. घरचं करायला माणसं नसतील तर पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संघटना दरवर्षी दिवाळीआधी ना नफा ना तोटा लाडू-चिवडा विकतं, तिथून घ्या, रांग धरायची तयारी ठेवा. पाकिटं करण्यापेक्षा मोठे डबे बरे, त्यांचं त्यांना वाढता येतं आणि उरलेलं टिकवता येतं. डबे, पिशव्या बोहरी आळीतून. धनत्रयोदशीच्या आधी आणा, नंतर त्या भागात स्कूटर घालणं म्हणजे वेडेपणा.

फोटो. मुलांच्या संस्थेत मोबाइल खिशात ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असं नाव, फोटो काहीही छापणं-पसरवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅप स्टेटसला वेगळी सूट मिळेल अशा भ्रमात राहू नका. आजी-आजोबांचेही विचारल्याशिवाय नको. हातात पाकीट धरून रांगेत उभं राहायला लावणं तर मुळीच नको. आणि मुलांना 'एक गाणं म्हणून दाखवा' म्हणू नका. त्यांना दिवसात तिसऱ्यांदा तेच गाणं म्हणावं लागत असतं.

आदल्या रात्री परत एक फोन. हो, परत. कोणी आजारी असतं, कोणी गेलेलं असतं, डॉक्टर येणार असतात. आमच्या वेळी आदल्या रात्री जरी फोन केला असता तरी निदान मिक्सर तरी नेता आला असता, डेक्कनला दुकानं दहापर्यंत उघडी होती.

त्या दिवशी: चार-पाच जणच जा, पंचवीस नको. अकराच्या ऐवजी साडेतीन-चारला, चहाच्या वेळी. पाणी आपलं न्या. चपला नीट लावा. भाषण नको. बसा, गप्पा मारा, त्यांनाच बोलू द्या. वृद्धाश्रमातून तासाभरात निघा.

नंतर: पावत्या ग्रुपवर. हिशोब दोन ओळींत. सगळे पैसे दिवाळीतच संपवू नका, निम्मे ठेवा, तुळशीचं लग्न झालं की तिथे कोणी फिरकत नाही. जानेवारीत त्यांच्या किराणावाल्याकडे संस्थेच्या नावावर भरून टाका. भरायच्या आधी काय करायचं ते आता मी लिहीत नाही.

बाकी काही अडलं तर मी घरीच आहे. त्या संस्थांचे नंबर माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, येऊन उतरवून घ्या. रिबन मात्र विकत आणू नका, दीड रीळ पडून आहे माझ्याकडे.