जुना ट्रॅक्टर घेताय? इसार देण्याआधी एअर क्लीनर उघडा

पेरणी तोंडावर आली की जुन्या ट्रॅक्टरचे सौदे घाईत उरकले जातात. समोर दोन ट्रॅक्टर असतात. एकाला नवा रंग दिलेला, मीटरवर तास कमी. दुसऱ्याचा रंग उडालेला, तास जास्त. घेणारा टायर बघतो, एक चक्कर मारतो, चकचकीत ट्रॅक्टरचा इसार देतो. इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर क्लीनर मात्र कोणी उघडत नाही. मग ऐन वाफशावर इंजिन ऑइल खाऊ लागतं, नांगराला ओढ राहत नाही, इंजिन खोलावं लागतं. लायनर-पिस्टनचं काम पुरं होईपर्यंत वाफसा थांबत नाही. पेरणी हातची जाते.

डिझेल इंजिन हवा किती ओढतं याचा हिशेब करून बघा. ३ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा आत घेतं. आठ तासांच्या कामात ती बारा लाख लिटर होते, आणि तीही रोटाव्हेटरच्या धुळीतली. धुळीतली बारीक वाळू बिडापेक्षा कठीण असते. ती आत गेली की आधी वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग घासते, मग ऑइलमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोचते. यात आवाज येत नाही की काही तुटत नाही, म्हणून लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दोन्ही ट्रॅक्टरवर ही तपासणी याच क्रमाने करा. फक्त इंजिन पहिल्यांदा चालू कराल तेव्हाच खाली दिलेली थंड इंजिनाच्या धुराची परीक्षा उरका.

इंजिन बंद असताना एअर क्लीनरपासून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होज सोडा. आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर ऑइलचा हलका डाग आला तर चालेल. पिठासारखी तपकिरी धूळ आली, किंवा क्लिपच्या जागेपासून आत मातीची रेघ गेलेली दिसली, तर त्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे. ऑइल बाथ क्लीनरला खाली एक वाटी असते, तिच्यातल्या ऑइलमध्ये धूळ अडते. विकणारा ती वाटी धुऊन त्यात ताजं ऑइल भरून ठेवू शकतो, पण होजच्या आतली रेघ पुसायचं बहुतेकांना सुचत नाही. होज दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेगा वळणाच्या खालच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत. रबरावर रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघा.

मग वाटी काढा. ऑइल खुणेइतकंच हवं. कमी असेल तर धूळ अडत नाही. जास्त असेल तर ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन बेताल पळण्याचा धोका असतो. वरच्या जाळीतून उजेड दिसतो का बघा. कोरडा कागदी फिल्टर असेल तर आत बॅटरी लावून बाहेरून बघा. सुईएवढं भोक दिसलं तरी तो बाद. रबरी रिंग कडक झालेली नको.

पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नाही, पण वाटीच्या क्लिपा नीट बघा. रोज उघडझाप झालेली क्लिप बोटांनी घासून चकाकते. क्लिपवर रंगाचा सलग थर असेल तर रंगकामानंतर तो क्लीनर उघडलेलाच नाही. फडक्याच्या खालोखाल आमचा भरवसा या खुणेवर आहे.

आता इंजिन संथ चालू ठेवून क्लीनरचं हवेचं तोंड सपाट फळीने बंद करा; तळहात लावू नका. काही क्षणांत इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लीनरच्या पुढे कुठून तरी हवा शिरते आहे, आणि जिथून हवा तिथून धूळ.

धुळीने इंजिन किती खाल्लंय हे गरम इंजिनच सांगतं. अर्धा तास नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढून घ्या. मग इंजिन थोडं रेस ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. जागेवर थरथरलं तर ठीक. उडून पडलं, किंवा तोंडातून भसाभसा धूर आला, तर रिंगा-लायनर गेलेत. दोन्ही ट्रॅक्टरला एकच काम देऊन, एकाच दिवशी ताडून बघा. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीखाली ऑइल आणि धुळीचा जाड काळा थर असेल तर तोही याचाच पुरावा.

विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर थंड इंजिनाची परीक्षा चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात जायला हवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. भार नसताना काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर. ऑइलमध्ये घालायच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका. त्यांनी घासलेला लायनर भरून येत नाही. ऑइल दाट झाल्याने चार दिवस धूर दबतो एवढंच, आणि विकणारेही नेमकं तेच करतात. 'इंजिन नवीन केलंय' असं सांगितलं तर कोणते भाग बदलले, त्यांची बिलं मागा.

बाकी तपासणी:
- डिपस्टिक: ऑइल दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास म्हणजे पंपातून गळती.
- रेडिएटर: थंड असतानाच झाकण उघडा, मग इंजिन चालू करा, सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.
- ऑइल प्रेशर: इंजिन गरम, आरपीएम कमी, तेव्हा दिवा लागायला नको.
- क्लच: ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे.
- लिफ्ट: औजार उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, किती खाली येतं मोजा. त्याखाली कोणी उभं राहू नये.
- पुढची चाकं: जॅकवर घेऊन हलवा, किंगपिन आणि मधली पिन बघा.
- टायर: बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.
- मीटर: तास कमी पण पेडलचं लोखंड गुळगुळीत, तर मीटर बदललाय किंवा केबल सुटलेली होती.
- इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदाशी जुळवा.

आता निवड. एकाचे टायर गेलेत, क्लच घसरतो, लिफ्ट उतरते, पण होज आतून स्वच्छ आहे आणि झाकण जागेवर राहतं. दुसरा दिसायला देखणा, पण फडकं तपकिरी निघालं. पहिला घ्या. क्लच प्लेट, लिफ्टची सीलं, टायर हे सगळं सवडीने, एकेक करून बदलता येतं. एकच अपवाद: भाराखाली गिअर आपोआप सुटत असेल तर तो ट्रॅक्टरही सोडा, गिअरबॉक्सचं काम मोठं असतं. दोघांचंही फडकं तपकिरी निघालं तर दोन्ही नाकारा आणि या पेरणीपुरता भाड्याचा ट्रॅक्टर लावा.

ट्रॅक्टर घरी आला की शेतात घालण्याआधी:
- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला.
- डिझेल फिल्टर बदला, टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ काढा.
- होज आणि दोन्ही क्लिपा नव्या टाका, जुन्या चांगल्या दिसल्या तरी.
- वाटी आणि जाळी डिझेलने धुवा, निथळू द्या, खुणेपर्यंत इंजिन ऑइलच भरा.
- कागदी फिल्टर असेल तर नवाच घाला. पुढे तो टायरवर आपटून झाडू नका. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा.

ऑइल बाथची वाटी पुस्तिकेप्रमाणे साधारण ८ ते १० तासांनी बघायची असते आणि तळाशी सेंटिमीटरभर गाळ जमला की धुवायची असते. मळणीत किंवा कोरड्या रानातल्या रोटाव्हेटरच्या कामात एवढं पुरत नाही. तेव्हा दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी दोन वेळा ती उघडा.