जुन्या लॅपटॉपवर, बिननेटचं, पहिली ते चौथीच्या लेकरांना कसं शिकवायचं

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, झेडपीची, द्विशिक्षकी. लॅपटॉप दोन, दोन्ही जुने, एकाची बॅटरी अर्धा तास बी टिकत नाही. तरी आठवड्यातनं तीन दिवस लेकरं त्याच्यावर बसतात आन खरंच शिकतात. केंद्रातले बाकीचे सर-मॅडम सारखे विचारतात काय टाकलंय, कसं चालवता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट पक्की करा, व्हिडिओ म्हणजे इंटरॅक्टिव्ह नव्हे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण-अॅपवरचं साहित्य येतं, ते मी बी दाखवतो, पण व्हिडिओ लागला की लेकरू नुसतं बघत बसतं. मला पाहिजे असतं असं, की त्यानं हातानं काहीतरी हलवलं की समोर लगेच काहीतरी झालं पाहिजे, आन जे झालं ते बघून त्याचं त्यालाच कळलं पाहिजे बरोबर आलं का चुकलं. सॉफ्टवेअर निवडताना मी एवढंच बघतो. टाळ्या, फटाके, पॉइंट याच्यावर जाऊ नका. आन चुकलं की भसाडा आवाज करणारं काही असेल तर ते पहिलं काढून टाका, कारण एकदा सगळ्या वर्गासमोर तसा आवाज झाला की बुजरं लेकरू परत माउसला हात लावत नाही, मी बघितलंय.

आमच्याकडं तीन गोष्टी आहेत, तिन्ही फुकट आन नेट नसलं तरी चालणाऱ्या. जीकॉम्प्री हे शिकायच्या खेळांचं, टक्स पेंट हे चित्रं काढायचं आन फेट हे गणित-विज्ञानाचं. गावात रेंज नाही म्हणून मी तालुक्याला गेलो की डाउनलोड करतो आन पेनड्राइव्हवर आणतो. जीकॉम्प्री फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालं, नावाचा फ्रेंचमधला अर्थच 'मला समजलं' असा निघतो, दोन ते दहा वर्षांच्या लेकरांसाठी शंभरच्या वर खेळ आहेत. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळ्यावर चालतं. फक्त आवाजाचं आन चित्रांचं पॅक सेटिंगमधनं उतरवावं लागतं, ते रेंज असतानाच करून घ्या, नाहीतर शाळेत आल्यावर मुकं सॉफ्टवेअर घेऊन बसाल. आन अवघड-सोपं ठरवणारे तारे असतात ना, ते आधीच लावून ठेवा, पहिलीच्या लेकरासमोर बुद्धिबळ उघडून काय उपयोग.

पहिले आठ दिवस अभ्यास नकोच, नुसता माउस. पहिलीतली लेकरं माउस दोन्ही हातानं धरतात, टेबलावरनं उचलून हवेत फिरवतात. जीकॉम्प्रीत एक खेळ आहे, माउस फिरवला की वरचे ठोकळे पुसले जातात आन खालचं चित्र दिसतं, तो लावून द्या. त्यात चुकायला जागाच नाही, हात आपोआप बसतो. मग टक्स पेंट. त्यात चित्र सेव्ह करताना नाव विचारत नाही आन उघडताना सगळी चित्रं छोटी छोटी दिसतात, त्यामुळं वाचता न येणारं लेकरू बी आपला बैल, आपली झोपडी बरोबर शोधून काढतं. त्याच्यासोबत सेटिंगचा वेगळा प्रोग्राम येतो, त्यातनं प्रिंटचं बटण बंद करा.

आता गणित, इथं मला जास्त लिहायचंय. आपल्या मराठीत तेवीस म्हणताना तीन आधी येतं आन वीस मागनं, पण लिहिताना दोन आधी. म्हणून दुसरीतली कितीतरी लेकरं तेवीस सांगितलं की ३२ लिहितात. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता, पण लेकरांची अडचण खरीच होती. फेट हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं, कार्ल वीमन या शास्त्रज्ञानं २००२ ला सुरू केलेलं. त्यातली बरीच सिम्युलेशनं, म्हणजे स्क्रीनवर हातानं हलवून बघायचे प्रयोग, मराठीत बी मिळतात, एकेक फाइल उतरवून ठेवली की ब्राउजरमध्ये बिननेटची उघडते. त्यात 'मेक अ टेन' नावाचं आहे, वाचायला जवळजवळ काहीच नाही, नुसते आकड्यांचे कार्ड. दहाचे दोन एकमेकांवर टाकले की वीस होतात, एकचे तीन टाकले की तीन, आन वीसवर तीन टाकलं की तेवीस. अंक इंग्रजी आहेत, म्हणून स्क्रीनच्या बाजूला देवनागरी अंकांचा तक्ता चिकटवा.

आमच्या दुसरीतल्या एका पोरीनं वीसवर तीन टाकलं आन थांबली. म्हणाली, "सर, शून्य कुठं गेलं?" मी काही सांगायच्या आत लाईट गेली. मग खडूच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, एका लांब तुकड्यावर २० लिहिलं, एका छोट्यावर ३, आन तिच्या हातात दिले. तिनं तीन शून्यावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. "खालीच हाय की!" त्या दिवसापासनं ती तेवीसला ३२ लिहीत नाही. तेव्हापासनं मी स्क्रीनवर जे दाखवतो त्याचे पुठ्ठ्याचे कार्ड आधीच करून ठेवतो, लाईट असो नसो.

बसवायचं कसं? एका लॅपटॉपवर दोघं, तिघं नको, तिसरं नुसतं डोकावतं. एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं तोंडानं सांगायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. हुशार लेकरू माउस सोडत नाही, तिथं तुम्ही उभं राहिलंच पाहिजे. लॅपटॉप लावून देऊन रजिस्टर भरायला बसलात तर काही होत नाही, सरळ सांगतो. बाकीच्यांना तोवर तेच गणित पाटीवर.

वाचून घेणारं अॅप वापरत असाल तर एक सांभाळा. आपल्याकडची लेकरं 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, आन अॅप कधी कधी चूक दाखवतं. लेकराला अर्थ कळला असेल तर ते वाचन बरोबर आहे, असं त्याला तिथल्या तिथं, मोठ्यानं सांगा. ण नंतर येतो.

शेवटचं म्हणजे वही. प्रत्येकाचं एक पान, तारीख, कोणता खेळ, कुठवर आलं, एवढंच. आमच्याकडं दिवाळीनंतर कितीतरी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, हंगामी वसतिगृहात सगळीच राहत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये परत आली की बाकीचा वर्ग पुढं गेलेला असतो आन ती मागच्या बाकावर गप बसतात. मग मी त्याचं पान काढतो, जिथं थांबलं होतं तोच खेळ लावतो, माउस आधी त्याच्याच हातात देतो आन जोडीला त्याचा दोस्त बसवतो.