पांढऱ्या तोंडाचा चतुर दलदलीत कसा शोधावा

ल्युकोऱ्हिनिया डुबिया हा पांढऱ्या तोंडाचा चतुर ब्रिटनमध्ये आता मोजक्याच दलदलींत उरला आहे. त्याला पाहायला जाणारे बरेच जण हवेत नजर लावून बसतात. माझ्या मते आधी पाणी पाहावे.

पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साचलेल्या दलदलीतली लहान, काळसर डबकी निवडावीत. त्यांतही ज्यांच्या काठावरून स्फॅग्नम शेवाळाचा ओला गालिचा पाण्यावर तरंगत आत शिरलेला असेल, तीच कामाची. हे शेवाळ पाण्यातील क्षार शोषून हायड्रोजन आयन सोडते, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होते आणि बहुतेक मासे तेथे टिकत नाहीत. या चतुराच्या अळ्या दिवसाही हालचाल करतात, त्यामुळे मासे असलेल्या पाण्यात त्या सहज खाल्ल्या जातात. शेवाळाच्या गुंत्यात मात्र त्या साधारण दोन वर्षे वाढतात. चर खणून दलदलीतील पाणी काढून टाकले, की आधी हा गालिचा सुकतो आणि त्याच्याबरोबर अळ्याही जातात.

मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत, ऊन असलेला आणि वारा पडलेला दिवस गाठावा. हंगामाच्या सुरुवातीला सकाळी पोहोचल्यास काठावरच्या शेवाळावर किंवा कॉटन ग्रास या दलदलीतल्या गवतासारख्या वनस्पतीच्या काड्यांवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, अळीची रिकामी कात चिकटलेली दिसते. ती भिंगातून पाहताना पोटाची खालची बाजू तपासावी. तेथे लांबीच्या दिशेने गडद पट्टे असतात. उडणारा नर तेथे केवळ फिरत आलेला असू शकतो, पण कात सापडली म्हणजे त्या डबक्यात पैदास झाली हे नक्की, म्हणून नोंदीसाठी मी कातीलाच अधिक मोल देतो.

प्रौढ नर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा, काळा आणि लाल डागांचा असतो, तर मादीचे डाग पिवळे असतात. तोंडाचा पुढचा भाग मात्र दोघांचाही दुधासारखा पांढरा असतो, आणि दुर्बिणीतून ही खूण दुरूनही उठून दिसते. काळ्या सिम्पेट्रम डाने या चतुराशी गल्लत होते खरी, परंतु त्याचा हंगाम मुख्यतः जुलैनंतरचा आहे आणि त्याच्या मागच्या पंखांच्या बुडाशी गडद डाग नसतो. नर पडलेल्या फिकट ओंडक्यांवर उन्हात बसतात, तेव्हा तेथे थोडा वेळ स्तब्ध उभे राहावे.

पाहण्यासाठी इंग्लंडच्या कंब्रिया भागातील फोल्शॉ मॉस ही दलदल सोयीची आहे. तेथे २०१० पासून हा चतुर पुन्हा आणून सोडला गेला, आणि लाकडी पायवाटही आहे. स्कॉटलंडमध्ये अॅबर्नेथीच्या पाइन जंगलातील डबकी त्याचे जुने घर आहे. कोठेही गेलात तरी पायवाट सोडू नये. तरंगता गालिचा भक्कम जमिनीसारखा भासतो, पण पाय पडताच खचतो. त्यात माणसाच्या जिवाला धोका आहेच, शिवाय ज्या अळ्यांसाठी आपण आलो त्याच पायाखाली चिरडतात. कात उचलायची असेल तर ती पायवाटेवरून हात पोहोचेल तेथलीच उचलावी, आणि पंख अजून ओले असलेल्या, नुकत्याच बाहेर पडलेल्या चतुराला बोटही लावू नये.