नोएल कॉवर्डवर वीस मिनिटांचा एकपात्री बसवायचाय? मग असं करा

यंदा जत्रेत मेन नाटकाआधी वीस मिनिटं रिकामी होती, मी नोएल कॉवर्ड केला. इंग्रज नाटककार, स्वतःच नट, स्वतःच गाणारा, आणि आमच्या गावात त्याचं नाव ऐकलेला एक माणूस नाही. तरी चालला, म्हणून लिहितोय.

"जन्म १८९९, गाव टेडिंग्टन" असं सुरू केलंत की मंडप चहाला उठलाच म्हणून समजा. आपले मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीला जन्मले, हा त्यांच्याहून वर्षभरानं मोठा, एवढं सांगा, काळ आपोआप डोक्यात बसतो. बाप पियानो विकायचा, आई घरात भाडेकरू ठेवायची, पोरगा ११ व्या वर्षी स्टेजवर, हे सगळं दोन मिनिटांत उरका.

खरी एंट्री शांघायची. १९३० साल, हॉटेलच्या पलंगावर फ्लूनं आडवा, हातात पेन्सिल, आणि चार दिवसांत 'प्रायव्हेट लाइव्ज' लिहून मोकळा! घटस्फोट झालेले नवराबायको, दोघांचीही नवी लग्नं, दोघंही हनिमूनला एकाच हॉटेलात आणि बाल्कन्या शेजारी शेजारी. मी दोन खुर्च्या मांडल्या, मधे क्रोटनच्या कुंड्या, मूळ नाटकातही मधे कुंड्यांतली झाडंच आहेत. फक्त गोष्ट सांगा, संवाद भाषांतर करून घुसडू नका, तो १९७३ ला वारला म्हणजे आपल्याकडं २०३३ संपेपर्यंत कॉपीराइट आहे.

आता आवाज, कारण सगळा खेळ तिथंच आहे. आपल्या उत्सवी नाटकात वाक्याचं शेपूट ओढायची सवय असते ना, ती सोडा. कॉवर्ड वाक्य कात्रीनं कापल्यासारखं तोडायचा, आईला कमी ऐकू यायचं म्हणून तसं बोलायची सवय लागली असं म्हणतात. मी तालीम आमच्या आजीसमोर केली, ती पण कानानं अधू. ओरडायचं नाही, फक्त शब्द स्वच्छ टाकायचे, आणि तिनं "कितें म्हणटा?" विचारलं की ते वाक्य परत. आठवडाभरात माझी निम्मी स्क्रिप्ट छाटली गेली, बरंच झालं.

सिल्कचा गाऊन आणि लांब सिगारेट होल्डर हवाच, सिगारेट अर्थात न पेटवता, देवळासमोर आहोत. मी आत आलो तसं मागून कोणीतरी "बेबदो आयलो!" (दारुडा आला!) ओरडला, पाच मिनिटं हशा. थांबा, हसू द्या, मग बोला.

१९४१ चं 'ब्लाइद स्पिरिट' सोडू नका, लंडनवर बॉम्ब पडून गेलेत आणि हा मेलेल्या बायकोच्या भुतावर कॉमेडी करतो, प्रयोग १,९९७! भूत म्हटलं की आमच्या बायका पुढं सरकून बसल्या.

मरणावर संपवू नका. १९५५ च्या लास वेगासवर या, ५५ व्या वर्षी हा क्लबात गातोय. पेटीवाल्याला इथंच घ्या, मेन नाटकाचा मेकअप हमखास उशिरा होतो, मग पाच मिनिटं आरामात ताणता येतात.