विषाणू-प्रतिकारक वाण तपासताना या चुका टाळा

"रोग आला नाही, म्हणजे वाण प्रतिकारक" हा निष्कर्ष दर हंगामात कुणीतरी नव्या उत्साहानं ऐकवतं. अहो, बऱ्याचदा रोग तिथवर पोचलेलाच नसतो.

भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग घ्या. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते. माशी नाही तर केवडा नाही. उमेदीच्या काळात एक लाईन (वाण होण्याआधीची, निवडीतली झाडं) हिरवीगार दिसली म्हणून मी निवडली, बी वाढवलं. पुढच्या हंगामात माशी भरपूर होती. बघता बघता त्या लाईनच्या पानांवर शिरांची पिवळी जाळी उमटली, फळंही पिवळट निघाली. वही काढली, तर आदल्या वर्षी शेजारची पूसा सावनी ही भेंडीची जातसुद्धा जवळपास हिरवीच नोंदवलेली! नोंद माझ्याच हातची होती, निवड करताना मी ती पाहिली नव्हती. पूसा सावनी एकेकाळी प्रतिकारक म्हणून आली होती; आता हमखास बळी पडणारी म्हणून तुलनेला लावतात. तीच हिरवी, तर बाकीच्यांचं कौतुक कशाला?

तेव्हापासून दर दोन-तीन ओळींमागे एक ओळ बळी पडणाऱ्या वाणाची, कडेनंही तीच, आणि आठ-दहा दिवस आधी पेरलेली. प्लॉटवर कीटकनाशक मारायचं नाही. त्या ओळी पिवळ्याधमक झाल्या नाहीत, तर त्या हंगामाचे आकडे मी निवडीसाठी धरत नाही. वर्ष गेल्याचं वाईट वाटतं, पण चुकीचं बी शेतकऱ्याच्या हाती जाणं त्याहून वाईट.

शेतात तगलेल्या लाईनी मग जाळीघरात. माशा २४ तास रोगट झाडावर, नंतर ४८ तास कोवळ्या रोपांवर. घाई असलेले इथे रोगट पानाचा रस चोळून मोकळे होतात. काकडी मोझॅक या विषाणूला ते चालतं, केवड्याचा विषाणू रसातून जात नाही. मग सगळी रोपं निरोगी आणि सगळीच "प्रतिकारक"!

लक्षण नसलेल्या झाडातही विषाणू असू शकतो. असं झाड सहनशील म्हणा, प्रतिकारक नाही. पीसीआर, म्हणजे झाडातला विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी, केल्याशिवाय मी "प्रतिकारक" हा शब्द लिहीत नाही.

रोपं एकाच वयाची घ्या. थोराड रोप कोवळ्यापेक्षा चिवट निघतं.

तापमान रोज लिहा. उष्णतेनं प्रतिकार मोडू शकतो: तंबाखूतलं एन हे प्रतिकार देणारं जनुक साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर तंबाखू मोझॅक विषाणूला रोखू शकत नाही.