टोइंग आणि कॅम्पिंगसाठी जुनी दणकट एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

जुनी फॉर्च्युनर, एंडेव्हर, सफारी स्टॉर्म, पजेरो स्पोर्ट, थार किंवा व्ही-क्रॉस बघायला गेलं की पहिली नजर रंगावर जाते, दुसरी किलोमीटरवर आणि तिसरी टायरच्या नक्षीवर. ट्रेलर ओढायची आणि डोंगरात मुक्कामाला न्यायची गाडी या तिन्हींवरून ओळखता येत नाही. ती ओळखायची चेसीसखाली झोपून आणि वजनकाट्यावर चढवून.

वजनाचा हिशेब न करता गाडी पसंत करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, आणि ती शेकडो न्यूटन मीटर टॉर्कच्या जोरावर केली जाते. इंजिन ओढतं, पण पाटे, बेअरिंग, ब्रेक आणि चेसीस यांची मर्यादा वेगळी असते. गाडीचं कमाल एकूण वजन वजा रिकामं वजन म्हणजे तुमच्या हातात उरलेलं वजन.

समजा गाडी रिकामी २१०० किलोची आहे आणि कमाल वजन २७०० किलो. म्हणजे ६०० किलोची मुभा. आता मांडा: चार मोठी माणसं २८० किलो, छतावरचा तंबू ६०, त्याचा रॅक ३०, लोखंडी बंपर आणि विंच ८०, फ्रिज २५, दुसरी बॅटरी २५, चाळीस लिटर पाणी ४०, हत्यारं ३० आणि ट्रेलरचा हुकवर येणारा भार ८०. बेरीज ६५० किलो. कपडे, भांडी, शिधा अजून ठेवलेलाच नाही आणि गाडी ५० किलोंनी जड झाली आहे. अशा गाडीचे मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, आणि करूळ घाटाच्या उतारावर स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी गाडी काट्यावर न्या. कोल्हापूर हा उसाचा आणि फाउंड्रीचा जिल्हा असल्यामुळे वजनकाट्यांची इथे कमतरता नाही. टाकी फुल करून तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. आधीच्या मालकाने जोडलेले लोखंडी बंपर, साईड स्टेप, रॅक या सगळ्यांचं वजन तिथेच उघडं पडतं.

ओढण्याच्या क्षमतेसाठी त्या गाडीचं भारतातलं मॅन्युअल वाचा. परदेशी व्हिडिओत तीच गाडी तीन टनांचा कॅरॅव्हॅन ओढताना दिसते, पण तिथली हुक, कूलिंग आणि ब्रेक असलेला ट्रेलर इथे नसतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ब्रेक असलेल्यापेक्षा बरीच कमी असते, आणि आपल्याकडे स्थानिक बनावटीचे बरेच लहान ट्रेलर बिनब्रेकचेच असतात.

पुरात बुडालेली गाडी न ओळखणे

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर, शिरोळ, सांगली भागात पाणी इतकं होतं की शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. त्या काळात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात फिरतात. आतलं लेदर नवं घातलेलं असतं, पण काही जागा कोणी धूत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाळाची आडवी रेघ तळाच्या भागात दिसते. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजले आहेत का बघा. बंद गाडीत राहणारा स्क्रू सहसा गंजत नाही. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सचे कनेक्टर काढून आत हिरवट थर आहे का पाहा. एअरबॅग, एबीएस आणि फोर बाय फोरचं कंट्रोल युनिट बुडालेलं असेल तर बिघाड लगेच दिसत नाही. सहा महिन्यांनी, पहिल्या पावसाळ्यात, एकेक दिवा लागायला सुरुवात होते. मालकाकडून मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) अचानक शून्य झालेला असेल तर बहुधा त्याच्या आधीच्या वर्षी क्लेम झाला आहे. कशाचा, ते विचारा आणि कागद बघा.

फोर बाय फोरची चाचणी डांबरावर उरकणे

विक्रेता बटण फिरवतो, दिवा लागतो, आणि पाहणारा समाधानी होतो. दिवा लागणं आणि पुढच्या चाकांना ताकद जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आणि हवं तेव्हाच पुढची चाकं जोडता येणाऱ्या गाडीत (थार, स्कॉर्पिओ, व्ही-क्रॉस, २०१६ नंतरची फॉर्च्युनर) मोकळ्या मातीच्या पटांगणावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) घालून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगाने एक चक्कर मारा. गाडी अडखळल्यासारखी, ब्रेक धरल्यासारखी चालली पाहिजे. याचा अर्थ पुढचा आणि मागचा एक्सल खरोखर जोडलेला आहे. सहज वळली तर हब, अ‍ॅक्च्युएटर किंवा व्हॅक्यूमची नळी यांपैकी काहीतरी काम करत नाही. हीच चक्कर कोरड्या डांबरावर मारू नका, तिथे ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) विनाकारण ताण येतो. २००९ ते २०१६ च्या पहिल्या पिढीतल्या फोर बाय फोर फॉर्च्युनरमध्ये ही व्यवस्था कायम चालू असते. तिथे मधल्या डिफरन्शियलचा (पुढच्या-मागच्या एक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाचा) लॉक लावल्यावरच हा अडखळा जाणवेल.

फोर-लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग, जास्त जोर) घालताना गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये घ्या. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देता, गाडी चढावर रांगत गेली पाहिजे. मधेच गिअर सुटला किंवा करकर आवाज आला तर ट्रान्सफर केसचा खर्च गृहीत धरा.

फोर बाय टू (दोनच चाकांना ताकद देणारी) गाडी स्वस्तात घेऊन नंतर फोर बाय फोर करू, हा सल्ला ऐकू नका. ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल, शाफ्ट, वायरिंग, शिवाय आरसीत नसलेला बदल. त्यापेक्षा दोन वर्षं जुनं पण मूळचं फोर बाय फोर मॉडेल घ्या.

खालची बाजू न बघणे

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चढवायला विक्रेता तयार नसेल तर तिथून निघा. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या आपल्या माहितीच्या फिटरला सोबत न्या आणि त्याची मजुरी आनंदाने द्या.

कोकणात किंवा गोव्यात राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज लागतो. गगनबावडा, राधानगरी भागात फिरलेल्या गाडीच्या पोकळ चेसीसमध्ये लाल माती साचते आणि पावसाळाभर ओली राहते, म्हणून गंज आतून बाहेर येतो. चेसीसवर छोट्या हातोडीने ठोका. टणटणीत आवाज हवा. बोदा आवाज किंवा सुटणारे पापुद्रे म्हणजे पत्रा पातळ झाला आहे. पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे टेके, बॉडी माउंट आणि मागचा आडवा मेंबर या तीन जागा सोडू नका. सगळ्या खालच्या बाजूला नुकताच काळा कोट मारलेला असेल तर तो का मारला, याचा शोध घ्या.

मागे हुक असेल तर तो चेसीसला बोल्टने बसवला आहे की बंपरच्या ब्रॅकेटला चिकटवला आहे, ते पाहा. चेसीसवर थेट वेल्डिंग केलेली हुक घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो, तोही ट्रेलर मागे असताना. हुक नव्याने बसवायची तर गाडीच्या मूळ छिद्रांत, ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट, आतून बॅकिंग प्लेट आणि टॉर्क रेंचने आवळणी. उद्यमनगरात प्लेट उत्तम बनते. मोजमाप मात्र तुमचं नेमकं हवं.

डिफरन्शियलचं तेल तपासताना आधी वरचा भरायचा नट सैल करा, मगच खालचा. वरचा अडकलेला निघाला आणि खालून तेल सांडून गेलं, तर गाडी जागेवरच अडकते. तेल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, म्हणजे ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी नळी) बंद आहे किंवा सील गेलं आहे. खालच्या नटाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप चालतो. कण किंवा तुकडे चालत नाहीत.

तापलेलं इंजिन तपासणे

विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन किती वेळात चालू होतं, काळा-पांढरा-निळा कोणता धूर सोडतं, इंजेक्टर खडखडतात का, हे पहिल्या एका मिनिटातच कळतं. चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण काढा. हलकी वाफ ठीक. झाकण उडवेल असा सततचा दाब म्हणजे रिंगा झिजल्या आहेत.

पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरचं ३.० लिटर इंजिन आणि पजेरो स्पोर्टचं २.५ लिटर इंजिन टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही तर बदललेला नाही असंच समजा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. २.८ लिटरच्या फॉर्च्युनरमध्ये आणि ३.२ लिटरच्या एंडेव्हरमध्ये बेल्टऐवजी चेन आहे. एंडेव्हर घेताना एक लक्षात असू द्या: फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडी उत्तम आहे, पण पार्ट कोण आणि किती दिवसांत देईल, हे आधी विचारून घ्या.

रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. ऑफ-रोड गाडीत इथे चिखल वाळून बसलेला असतो. पुणे-बेंगळुरू हायवेवर तापमानाचा काटा मधेच राहतो, पण ट्रेलर मागे लावून घाट चढायला लागल्यावर तापमान वर जातं. क्लच बघायला कोल्हापूरजवळचा वाघबीळ ते पन्हाळा चढ पुरेसा आहे: तिसरा गिअर, साधारण ४० चा वेग, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच संपला. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं तेल लालसर हवं. काळपट आणि जळका वास येणारं तेल म्हणजे ओढाओढी झालेली गाडी.

बीएस-६ डिझेल घेत असाल तर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) इतिहास विचारा. शहरातच छोट्या फेऱ्या झालेल्या गाडीचा फिल्टर काजळीने भरतो. आणि फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना सायलेन्सर प्रचंड तापतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पठारावर वाळक्या गवतात गाडी उभी केली तर वणवा लागू शकतो. मुरमावर किंवा कातळावर उभी करा.

टायर आणि लिफ्ट किटवर भाळणे

नक्षी भरपूर आहे म्हणून टायर नवा नसतो. बाजूवरच्या चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर ओढायचा असेल तर पाच-सहा वर्षांवरचा टायर बदलायचा म्हणूनच धरा. चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर-हायमध्ये पुढचा-मागचा फेर जुळत नाही आणि ट्रान्सफर केस सोसते. २६५/६५ आर१७ च्या जागी २६५/७० आर१७ असेल तर व्यास साधारण साडेतीन टक्के वाढतो, म्हणजे मीटरवर १०० दिसताना गाडी १०३ च्या वर असते.

दोन इंच उंच केलेल्या गाडीत सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे) रबर बूट आणि ब्रेकच्या नळ्यांचा ताण तपासा. टोइंगसाठी उंच गाडी तोट्याची: हुक वर जाते, ट्रेलरचं नाक वर होतं आणि भार मागे सरकतो. पुढच्या बुलबारबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरवर परिणाम होतो. काढून टाका.

बाहेरच्या पासिंगची गाडी घाईत घेणे

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या मोठ्या एसयूव्ही स्वस्तात इकडे आल्या. बेळगाव आणि गोव्याच्याही येतात. घेऊ नका असं नाही. मात्र मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८), फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथला एकरकमी रोड टॅक्स मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते, ते कागदावर मांडा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर येतो. पिकअप असेल तर आरसीवर वर्ग खासगी आहे की मालवाहू, ते बघा. ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते.

घेतल्यानंतर येणाऱ्या तक्रारी

६० ते ८० च्या वेगात घुमणारा आवाज अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलत असेल तर डिफरन्शियल; स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवल्यावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर देताना मागून खट् आवाज म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा). फोर-लोचा दिवा लुकलुकत राहिला तर जोड पूर्ण झालेली नाही; गाडी एक-दोन फूट मागे-पुढे करून पुन्हा घाला, तरीही तसंच असेल तर अ‍ॅक्च्युएटर.

ट्रेलर डोलत असेल तर बहुतेक वेळा हुकवरचा भार कमी असतो. तो ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के हवा: ८०० किलोच्या ट्रेलरला ८० किलो. हुकच्या उंचीइतका लाकडी ठोकळा घरच्या वजनकाट्यावर ठेवून मोजा, आणि जड सामान ट्रेलरच्या एक्सलच्या जरा पुढे सरकवा. डोलायला लागल्यावर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळे दिवे मंद लुकलुकले तर अर्थिंग सैल आहे. टेललॅम्पची वायर थेट कापून जोडलेली असेल तर ती काढून रिलेचं मॉड्यूल बसवा, कारण अशा थेट जोडणीने नव्या गाड्यांचं कंट्रोल युनिट बिघडतं.

चिखलात फसल्यावर टो-बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून हिसका देऊ नका. तो गोळा तुटून मागच्या गाडीच्या काचेतून आरपार जाऊ शकतो. चेसीसला बोल्टने बसवलेला रिकव्हरी पॉइंट (ओढण्यासाठीचा मजबूत हुक) आणि शॅकल (पट्टा अडकवायची पोलादी कडी) वापरा, आणि ओढताना माणसं पट्ट्याच्या दीडपट लांबीवर उभी ठेवा.

गाडीच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवा. पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, मगच ट्रेलर जोडा.